'ए' की 'ॲन'? जिभेला विचारा!

भोपाळ मेट्रोच्या दोन मार्गांची नावं आहेत ऑरेंज लाइन आणि ब्लू लाइन. आता सांगा, 'ऑरेंज लाइनवरचं एक स्टेशन' असं इंग्रजीत म्हणायचं तर आधी 'ए' लावाल की 'ॲन'? भोपाळच्याच अवधपुरीतल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारलंत, तर तो सायकलवरून न उतरताच सांगेल, "ऑरेंजला 'ॲन', ब्लूला 'ए'. आणखी काही?"

आणखी आहे की! एमपी नगरातलं एक दुकान. 'ए एमपी नगर शॉप' की 'ॲन एमपी नगर शॉप'?

आता मात्र सायकल थांबते आणि भोवती वादविवाद सभा भरते. "एम तर व्यंजन आहे, म्हणजे 'ए'च," एक जण ठामपणे सांगतो. "पण 'ए एमपी' म्हणताना अडखळायला होतं. 'ॲन एमपी' कसं सुळकन निघतं," दुसरी म्हणते. तेवढ्यात तिसऱ्याला आठवतं, एमपी नगर म्हणजे महाराणा प्रताप नगर! आणि पूर्ण नाव घेतलं तर 'ए महाराणा प्रताप नगर शॉप' हेच बरोबर, यात कुणालाच शंका नाही.

गंमत म्हणजे दुसरी आणि तिसरा, दोघांचंही बरोबर आहे. 'एमपी नगर' म्हटलं की 'ॲन', 'महाराणा प्रताप नगर' म्हटलं की 'ए'. दुकान जागचं हललं नाही, मालक बदलला नाही, आपण फक्त नाव आखूड केलं आणि 'ए'चा 'ॲन' झाला. हे गौडबंगाल काय आहे, ते आज उलगडू या.

नियमाची तपासणी

आपण शाळेत पाठ केलेला नियम साधारण असा असतो : ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं म्हणजे स्वर. शब्द यांच्यापैकी एकापासून सुरू झाला तर 'ॲन', नाहीतर 'ए'. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला समोर ठेवून इंग्रजी शिकलेले आजोबा घरात असतील, तर 'ॲन ॲपल' त्यांनाही अजून तोंडपाठ असेल.

पण नियम आहे म्हणून मान डोलवायची नाही, तो आधी तपासून पाहायचा. आपल्या भोपाळपासून फार लांब नसलेल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या नर्मदापुरममधल्या) शाळांत १९७२ साली एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पुढे भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेनं तो चालवला. तिथली मुलं पुस्तकातलं उत्तर पाठ करण्याऐवजी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढायची. आपणही तसंच करू. फरक इतकाच, की आपल्याला भिंग, चुंबक, परीक्षानळी काही लागणार नाही. लागणार आहे ते फक्त स्वतःचं तोंड.

आधी नमुने गोळा करू. इंग्रजी बोलणारे लोक खरोखर काय म्हणतात ते पाहा.

छत्रीला म्हणतात 'ॲन अम्ब्रेला', पण गणवेशाला 'ए युनिफॉर्म'. दोन्हींचं पहिलं अक्षर यू.

घराला म्हणतात 'ए हाउस', पण तासाला 'ॲन अवर'. दोन्हींचं पहिलं अक्षर एच.

संत्र्याला 'ॲन ऑरेंज', पण एक रुपयाच्या नाण्याला 'ए वन-रुपी कॉइन'. दोन्हींचं पहिलं अक्षर ओ.

अंड्याला 'ॲन एग', पण निलगिरीच्या झाडाला 'ए युकॅलिप्टस'. दोन्हींचं पहिलं अक्षर ई.

आता निष्कर्ष काढा. पहिलं अक्षर तेच असूनही उत्तर वेगळं येत असेल, तर उत्तर त्या अक्षरावर अवलंबून असूच शकत नाही. पाच अक्षरांचा नियम बऱ्याच वेळा जुळतो, कारण त्या अक्षरांचा उच्चार बऱ्याच वेळा स्वरासारखा असतो. पण खरा निवाडा देतो तो कान. शब्दाचा पहिला आवाज स्वराचा असेल तर 'ॲन', व्यंजनाचा असेल तर 'ए'. स्पेलिंग काय वाटेल ते असो.

देवनागरीची गुरुकिल्ली

"पण इंग्रजी शब्दाचा पहिला आवाज कुठला, हे ओळखायचं कसं?" असं विचाराल, तर तुमच्याकडे एक अफलातून साधन आहे. ते लंडनच्या मुलांकडे नाही. ते म्हणजे आपली देवनागरी लिपी.

इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. ते अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, ॲ, ऑ यांपैकी असेल तर 'ॲन'. दुसरं काहीही असेल तर 'ए'. झालं!

अवर, ऑनेस्ट, अम्ब्रेला, एग. सगळ्यांच्या सुरुवातीला स्वर बसलाय, म्हणून 'ॲन'. युनिफॉर्म, युरोपियन, युकॅलिप्टस यांच्या सुरुवातीला 'य' आहे. 'वन'च्या सुरुवातीला 'व' आहे. य आणि व ही आपल्या वर्णमालेत व्यंजनं, म्हणून 'ए'. इंग्रजी स्पेलिंग ज्या गोष्टी लपवतं, त्या देवनागरी उघड करून दाखवते.

हीच किल्ली एमपी नगरच्या कुलपाला लावा. 'एमपी' लिहिताना पहिलं अक्षर येतं 'ए', 'महाराणा' लिहिताना येतं 'म'. बघा, उघडलं की नाही?

आता इंग्रजीची सगळी २६ अक्षरं देवनागरीत लिहून काढा. ए, बी, सी, डी… असं करत गेलात तर कळेल, की स्वराच्या आवाजानं सुरू होणारी नावं बारा अक्षरांची आहेत : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स. म्हणजे पाच स्वरांपैकी 'यू' बाहेर गेला, आणि एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही आठ व्यंजनं आत घुसली! लघुनामांच्या बाबतीत सगळा घोळ होतो तो इथेच.

भोपाळमध्ये तर लघुनामांचा नुसता सुकाळ आहे. एम्समधला डॉक्टर 'ॲन एम्स डॉक्टर'. आयसरमध्ये शिकणारी ताई 'ॲन आयसर स्टुडंट'. अवधपुरीच्या शेजारी भेलचा मोठा कारखाना आहे, तिथला इंजिनिअर 'ए भेल इंजिनिअर'. हा कारखाना १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावानं स्थापन झाला, तेव्हा ब्रिटनची असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ही कंपनी तंत्रज्ञानासाठी मदतीला होती. तिचं लघुनाम ए-ई-आय. म्हणजे त्या काळी कारखान्याजवळच्या पिपलानी-बरखेड्याच्या रस्त्यांवर एखादा 'ॲन ए-ई-आय इंजिनिअर' आणि त्याच्याबरोबर एखादा 'ए हेवी इलेक्ट्रिकल्स इंजिनिअर' चालत असणार.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 'ए' किंवा 'ॲन' बघतो तो फक्त लगेच पुढचा शब्द. अवधपुरीची बस 'ॲन अवधपुरी बस'. पण मध्ये 'न्यू' आला की झाली 'ए न्यू अवधपुरी बस'. 'न्यू'च्या पलीकडे कोण उभं आहे, याच्याशी 'ए'ला काही देणंघेणं नाही.

प्रयोगशाळा तोंडातच आहे

नियम कळला. पण तो असा का? तोंडाला स्वर आणि व्यंजनात एवढा भेदभाव करायचं कारणच काय? चला, प्रयोगाला लागू.

प्रयोग पहिला. 'अ ॲपल, अ ॲपल, अ ॲपल' असं भराभर म्हणा. ('ए' हा शब्द घाईत बोलताना 'अ' असाच ऐकू येतो, म्हणून इथे 'अ' घेतलाय.) दोन-चार वेळा म्हटल्यावर घशात काहीतरी अडल्यासारखं होतंय ना? स्वर म्हणताना फुप्फुसातली हवा तोंडातून सरळ बाहेर येते, वाटेत तिला जीभ, दात, ओठ कुणीच अडवत नाही. त्यामुळे एका स्वराला लागून दुसरा स्वर आला की पहिला कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, तेच कळेनासं होतं. ते वेगळे दाखवायला स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंना क्षणभर घट्ट मिटावं लागतं. घशातला तो झटका म्हणजे हे मिटणं.

प्रयोग दुसरा. आता 'अन ॲपल, अन ॲपल' असं म्हणा. घसा मोकळा! 'न'साठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि लगेच सुटतं. सुटताना तो 'न' पुढच्या 'ॲ'ला जाऊन चिकटतो. नीट ऐका, तुम्ही खरं तर 'अ-नॅपल' म्हणताय.

प्रयोग तिसरा. 'न्‌न्‌न्‌' असा लांबलचक आवाज काढा आणि मध्येच चिमटीत नाक दाबा. आवाज एकदम बंद! कारण 'न' म्हणताना तोंडाची वाट जिभेनं अडवलेली असते आणि हवा नाकातून बाहेर पडत असते. आपल्या व्याकरणात 'न'ला अनुनासिक म्हणतात ते यामुळेच.

प्रयोग चौथा. आता 'अन बुक, अन बुक' म्हणून बघा. जीभ वर जाऊन टेकते, आणि लगेच 'ब'साठी ओठ मिटायला लागतात. 'न'ला चिकटायला पुढे स्वरच नाही. बसमध्ये चढलेल्या प्रवाशाला बसायला जागा मिळू नये, तशी त्याची गत होते. भराभर बोलताना असा बिनजागेचा 'न' गळून जातो आणि उरतं 'अ बुक'.

म्हणजे 'ॲन' हा काही परीक्षेत गुण कापण्यासाठी शोधलेला छळ नाही. बोलताना तोंडानं शोधलेली ती सोय आहे. ही सोय फक्त इंग्रजांना सुचली असंही नाही. हंगेरी देशातल्या भाषेत 'तो, ती, ते' या अर्थाचा एक छोटा शब्द नामाआधी येतो. तो व्यंजनाआधी 'अ' असतो आणि स्वराआधी 'अझ'. तिथे मदतीला 'न'ऐवजी 'झ' धावून येतो, इतकंच.

अरे, हे तर आपल्याकडेही आहे!

आता जरा थांबा आणि हे दोन आवाज पुन्हा म्हणा. व्यंजनाआधी 'अ', स्वराआधी 'अन्'. ओळखीचं वाटतंय का?

शक्य नाही ते अशक्य. ज्ञान नाही ते अज्ञान. स्वच्छ नाही ते अस्वच्छ. मरत नाही तो अमर. शब्दाला 'नाही' म्हणायचं असलं की आपण आधी 'अ' लावतो.

मग आवश्यक नाही ते 'अआवश्यक' का नाही? इच्छा नसणं म्हणजे 'अइच्छा' का नाही? म्हणून बघा, घशात तोच झटका बसेल. तिथे आपण 'अन्' लावतो. अन् अधिक आवश्यक, अनावश्यक. अन् अधिक इच्छा, अनिच्छा. अन् अधिक उचित, अनुचित. अन् अधिक अंत, अनंत. अन् अधिक अपेक्षित, अनपेक्षित.

व्यंजनाआधी 'अ', स्वराआधी 'अन्'. म्हणजे जो नियम इंग्रजीच्या तासाला डोक्यावरून जातो, तोच नियम तुम्ही मराठी बोलताना रोज बिनचूक पाळता, आणि तोही कुणी न शिकवता! संस्कृतचे महान व्याकरणकार पाणिनी यांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हा नियम आपल्या 'अष्टाध्यायी' या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. ग्रीक भाषेतही तो आहे. ज्याचे तुकडे करता येत नाहीत असं मानलं जायचं तो 'ॲटम', हा ग्रीक शब्द 'अ' लावून झाला. रक्त कमी पडण्याच्या आजाराला 'ॲनिमिया' म्हणतात, तिथे रक्तासाठीचा ग्रीक शब्द स्वरानं सुरू होतो असं धरून 'अन्' लागला.

इथे घोटाळा करू नका हं. आपला 'अन्' म्हणजे 'नाही', आणि इंग्रजीचा 'ॲन' म्हणजे 'एक'. दोघांचं नातं नाही, अर्थही वेगळा. पण माणसाचं तोंड सगळीकडे सारखंच, त्यामुळे अडचण सारखी आली आणि तोडगाही सारखाच निघाला. या दोघांची गंमतशीर टक्कर पाहायची असेल तर आपला 'अनेक' हा शब्द घ्या. अन् अधिक एक, म्हणजे 'एक नाही' ते अनेक!

भोपाळमध्ये तुमच्या कानावर हिंदीही पडते, तेव्हा कुणीतरी हात वर करेलच : "मग 'अनपढ' आणि 'अनजान' कसे? 'प' आणि 'ज' तर व्यंजनं आहेत!" शाबास, प्रश्न अगदी रास्त आहे. संस्कृतातून सरळ आलेले शब्द पाणिनींचा नियम पाळतात. पण लोकांच्या बोलण्यातून घडलेल्या हिंदी शब्दांनी 'अन' हा तुकडा जसाच्या तसा उचलला आणि सगळ्यांना सरसकट लावला. अनपढ, अनजान, अनमोल.

आधी कोण, 'ए' की 'ॲन'?

आपल्याला वाटतं, मूळ शब्द 'ए' आणि गरज पडली की त्याला 'न' जोडतात. प्रत्यक्षात झालं ते उलटं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आन' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता 'एक'. आपल्या गोष्टींची सुरुवात आठवा : एक होता राजा. इथला 'एक' मोजण्यासाठी नसतो. नवा कुणीतरी गोष्टीत येतोय, एवढंच तो सांगतो. 'आन'सुद्धा हेच काम करू लागला. जोरात उच्चारला की तो मोजायचा 'एक' राहायचा, हलकेच उच्चारला की गोष्टीतला 'एक' व्हायचा. जोरातल्याचा पुढे झाला 'वन', हलक्याचा झाला 'ॲन'. आणि व्यंजनाआधी 'न' गळत गळत शेवटी उरला 'ए'. म्हणजे 'ॲन' हा थोरला आणि 'ए' हे त्याचं झिजलेलं रूप.

'वन'च्या सुरुवातीचा 'व' तर फार उशिरा आला. त्याच कुटुंबातले 'ओन्ली' आणि 'अलोन' हे शब्द म्हणून बघा, त्यांत जुना 'व' नसलेला उच्चार अजून शिल्लक आहे.

'न'ची पळवापळवी

एकदा 'ए' आणि 'ॲन' असे दोघे झाले, की नवाच गोंधळ उडाला. आपण मघाशी 'अ-नॅपल' ऐकलं ना? मग ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं, की तो 'न' 'ॲन'चा आहे की पुढच्या शब्दाचा? शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लिहिता-वाचता येणारे लोक थोडेच होते. शब्द कानांनी ऐकायचा आणि तोंडानं पुढे पाठवायचा. मग काय, शब्द भलत्याच जागी तुटू लागले!

स्वयंपाक करताना पुढे बांधायचा तो 'एप्रन'. पूर्वीच्या इंग्रजीत तो 'नॅप्रन' होता. नॅपकिनचा सख्खा भाऊ! 'ए नॅप्रन' ऐकून लोकांना वाटलं 'ॲन ॲप्रन', आणि बिचाऱ्याचा 'न' गेला. नॅपकिनचा मात्र वाचला.

'ॲडर' नावाच्या विषारी सापाचंही तेच. पूर्वी तो 'नॅडर' होता.

क्रिकेटचा अंपायरसुद्धा या चोरीचा बळी. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'जोडीत नसलेला', म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कुणाच्याच बाजूचा नसलेला तिसरा माणूस. तो शब्द 'न'नं सुरू व्हायचा. इंग्रजीत आल्यावर 'ए नम्पायर'चा 'ॲन अम्पायर' झाला. म्हणजे धावबादचा निर्णय देणाऱ्याचाच 'न' पळवला, आणि दाद मागायची कुणाकडे?

कधी चोरी उलट दिशेनंही झाली. टोपणनावाला पूर्वी 'ॲन एकनेम' म्हणत. त्यातला 'एक' म्हणजे आपला एक नव्हे हं, 'जादाचा' असा त्याचा जुना अर्थ. 'ॲन'चा 'न' इकडे सरकला आणि 'ए निकनेम' तयार झालं.

आणि आता आपली ऑरेंज लाइन. संस्कृतात 'नारंग', तो इराणात जाऊन 'नारंग'च राहिला, अरबीत 'नारंज' झाला, आणि स्पेनमध्ये आजही या फळाचं नाव 'न'नंच सुरू होतं. पण इटली-फ्रान्सच्या वाटेवर 'एक' या अर्थाच्या तिथल्या 'उन्'शी त्याची गाठ पडली आणि इंग्लंडला पोचण्याआधीच त्याचा 'न' गळाला. तेव्हा ऑरेंज लाइनला तुम्ही 'ॲन' लावता ते या हरवलेल्या 'न'मुळे. तो अजून जागेवर असता, तर 'ए' लावावा लागला असता! आपण मराठीत मात्र रंगाला नारिंगी म्हणतो आणि 'न' जपून ठेवतो.

मेंदू शेवटच्या क्षणी ठरवतो

बोलताना तुमची कधी 'चहा-पाणी'ऐवजी 'पहा-चाणी' अशी फजिती झाली आहे का? अशा फजित्या जमवणाऱ्या एक भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेत होत्या, व्हिक्टोरिया फ्रॉमकिन. लोकांच्या बोलण्यातल्या चुका त्या टिपून ठेवत. १९७१ साली त्यांनी छापलेल्या लेखात एक छान नमुना आहे. एकाला म्हणायचं होतं 'ए करंट आर्ग्युमेंट', म्हणजे सध्याचा एक वाद. 'क'नं उडी मारली आणि तोंडून निघालं 'ॲन अरंट कर्ग्युमेंट'!

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण 'ॲन'कडे बघा. ठरलेल्या वाक्यात 'ए' होता. 'क' निसटल्यामुळे पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला, आणि 'ए'चा आपोआप 'ॲन' झाला. म्हणजे 'ए' की 'ॲन' हे मेंदू आधीपासून ठरवून ठेवत नाही. पुढचे आवाज जागेवर बसले, की अगदी शेवटी तो निवड करतो. 'अरंट' असा शब्द म्हणायचाच नव्हता, तरी नियम बिनचूक पाळला गेला!

ज्याचं तोंड त्याचा निवाडा

पहिला आवाज महत्त्वाचा म्हटल्यावर एक अडचण येणारच. सगळ्यांचे आवाज सारखे थोडेच असतात?

औषधी वनस्पतीला ब्रिटनमध्ये 'हर्ब' म्हणतात आणि अमेरिकेत 'अर्ब'. स्पेलिंग एकच. त्यामुळे ब्रिटिश लिहितो 'ए', अमेरिकन लिहितो 'ॲन', आणि दोघंही बरोबर. फ्रेंचमधून आलेल्या 'हॉटेल'मधला 'ह' पूर्वी कित्येक इंग्रज उच्चारत नसत, म्हणून जुन्या पुस्तकांत 'ॲन हॉटेल' सापडतं.

आपल्याकडे बघा. भोपाळमध्ये 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' ऐकलंय ना? शब्दाच्या तोंडाशीच 'स्' आणि दुसरं व्यंजन एकत्र आलं की काही जणांची जीभ आधी एक छोटा 'इ' लावून वाट सोपी करते. स्पेनमधल्या लोकांनी तर शाळेच्या शब्दाला असा स्वर कायमचाच लावून टाकलाय, ते शाळेला 'एस्कुएला' म्हणतात. पण 'इस्कूल' म्हणणाऱ्याचा कान मागणार 'ॲन', आणि इंग्रजीचा आग्रह 'ए'चा. मराठी बोलणाऱ्यांची सवय वेगळी. सुरुवातीच्या 'ए'आधी आपण नकळत 'य' घालतो. 'एक' लिहितो आणि 'येक' म्हणतो. महाराष्ट्रातल्या गावाकडची एसटी कित्येकांच्या तोंडी 'यष्टी' असते. इंग्रजीत 'ॲन एसटी बस' म्हणतात, पण 'यष्टी' म्हटलीत की तिला 'ए'च शोभेल. म्हणून देवनागरीची किल्ली फिरवताना शब्द इंग्रजीत कसा उच्चारतात ते आधी ऐका, मगच लिहा.

आता तुमची पाळी

खालच्या कोड्यांची उत्तरं कागदावर लिहा. आधी तोंडानं म्हणा, मग लिहा.

१. 'इअर' म्हणजे कान आणि 'यीअर' म्हणजे वर्ष. कुणाला काय लागेल?

२. 'वनडे मॅच' आणि 'ओडीआय मॅच'. सामना एकच, पण उत्तर?

३. आकाशातली अनोळखी वस्तू, यूएफओ. आणि दवाखान्यातला एक्स-रे.

४. अनाथ, अनादर, अनैतिक, अनौपचारिक, अन्याय. यांत 'अ' कुठे लागलाय आणि 'अन्' कुठे?

५. १ ते १०० या आकड्यांपैकी किती आकड्यांना 'ॲन' लागेल?

उत्तरं

१. ॲन इअर, ए यीअर. दोन्ही एकसारखे उच्चारलेत तर ऐकणारा फक्त 'ए' आणि 'ॲन'वरून तुमचा अर्थ ओळखेल!

२. ए वनडे मॅच, ॲन ओडीआय मॅच.

३. ए यूएफओ, ॲन एक्स-रे.

४. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, तो 'अ'वाला. अनैतिक आणि अन्याय हेही 'अ'वाले, कारण 'न' मूळ शब्दाचाच आहे. अनादर (आदर नसणं) आणि अनौपचारिक (औपचारिक नसलेलं) हे 'अन्'वाले. नॅप्रन कुठे तोडायचा हे इंग्रजांना जे जमलं नाही, ते तुम्हाला जमलं.

५. तेरा. ८ (एट), ११ (इलेव्हन), १८ (एटीन) आणि ८० ते ८९ हे दहा (एटी, एटी-वन, एटी-टू…). १०० चं काय? 'हंड्रेड' म्हणा नाहीतर 'वन हंड्रेड' म्हणा, सुरुवात व्यंजनाचीच. त्यामुळे शतक ठोकणाऱ्या फलंदाजाला 'ॲन' कधीच मिळत नाही. तो पटकवायचा असेल, तर ८, ११, १८ वर किंवा ८० ते ८९ च्या मध्ये बाद व्हावं लागतं!